फळांचा डबा

ऑफिसांच्या उंच इमारतीखाली सॅलडचं दुकान होतं. तिथे ती दिवसभर फळं चिरायची. संध्याकाळपर्यंत पायांचे तुकडे पडायचे. मग कोपऱ्यावरच्या गाडीवरून स्वस्तातले बर्गर घ्यायची आणि मायलेकी तेवढ्यावर पोट भरून झोपायच्या.

लेक सारखी थकायला लागली, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका, नुसतं रक्त कमी आहे. हे बाहेरचं खाणं बंद करा आणि रोज फळं द्या."

"बाई, दोन सफरचंदांच्या पैशांत आमचं दोघींचं जेवण होतं हो," ती हळूच म्हणाली. बाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी तिने मनाचा हिय्या केला आणि आपणच चिरलेल्या फळांचा एक डबा दुकानातून विकत घेतला. बसचे पैसेही त्यातच गेले, म्हणून घरापर्यंत चालत आली. पण आज तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"ओळख पाहू, काय आणलंय माझ्या राणीला!" म्हणत तिने लेकीसमोर डबा उघडला.

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. एकाही फोडीला हात न लावता ती आईच्या कुशीत शिरली आणि बारीक आवाजात म्हणाली,


"आई, बाबा जायच्या आधी त्यांनाच आणायचीस ना गं तू फळं? आता मी पण जाणार का?"