रोखलेला श्वास

"खोटारडे आहात तुम्ही, रेडिओवाले!" पार्लरवाली ओरडली. निवेदक नुकताच म्हणाला, "जुनंच गाणं आता गाजतंय. मूळ गायिका कोण, कुणालाच ठाऊक नाही. पण कडव्यात मध्येच रोखलेला श्वास ही नव्या गायिकेचीच कमाल!" खुर्चीतली मावशी कळवळली, "अगं, रेडिओशी भांड, माझे केस कशाला उपटतेस?" पण ते गाणं पहिल्यांदा पार्लरवालीनेच गायलं होतं. आवाज घुमावा म्हणून न्हाणीघरात, तान्ही लेक खांद्यावर घेऊन. कडव्यातच लेक दचकली, म्हणून तिने श्वास रोखला. नवऱ्याने भरलेली ती एकुलती एक कॅसेट. "टेपरेकॉर्डरने खाल्ली गं," म्हणत पुढे तोच हळहळला होता. गल्ल्यावरच्या नवऱ्याने गुपचूप रेडिओ बंद केला. लग्नापासून अहोजाहो करणारी ती अरेतुरेवर आली, "टेपने खाल्ली ना? मग लेकीसाठी रोखलेला माझा श्वास त्या बाईच्या गळ्यात कसा गेला? बोल!"