पिंडाचा भात

हणमंताच्या वडिलांच्या दहाव्याला नदीकाठी पिंड मांडून बराच वेळ झाला, तरी कावळा शिवेना. कावळे येत, मान वाकडी करून भाताकडे बघत आणि परत झाडावर जाऊन बसत.

हणमंताने हात जोडले. "अण्णा, धाकटीचं लग्न थाटात लावतो. बांधावरून चुलत्याशी भांडणार नाही. आईला अंतर देणार नाही."

एकही कावळा खाली उतरला नाही.

"जुन्या वाणाचा तांदूळ बघ की रं कुठंतरी," त्याची आई हौसाबाई म्हणाली.

"कुठनं आणू, आई? पंचक्रोशीत त्याचा दाणा नाही, बाजारातबी हाच. पाखरं तोंड लावत नाहीत म्हणून जनुक बदललेलं हे बियाणं अण्णांनीच गावात पहिल्यांदा पेरलं. घरोघर जाऊन सगळ्यांना घ्यायला लावलं."

गुरुजींनी पिशवीतून दर्भाचा कावळा काढून पिंडाला टेकवला. हल्ली ते तो घरूनच वळून आणत.

"शिवला," ते म्हणाले. माणसं सुटल्यासारखी उठली आणि आंघोळीला पाण्यात उतरली.

हौसाबाई पिंडापाशीच बसून राहिली.

"म्हणजे त्यांच्या मनात काय राहिलं होतं," ती म्हणाली, "ते आता कळायचंच नाही."