नवा बॉयलर

“आता डागडुजी पुरणार नाही. हा फुटला तर माणसं भाजतील,” असं सांगून मेस्त्री गेला.

सूत रंगवायच्या त्या कारखान्यात नव्या बॉयलरएवढा पैसा नव्हता. होता तो बाबगोंडांच्या मुलाच्या, सन्मतीच्या नावावर बँकेत. सन्मती पुरात वाहून गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. देह सापडला नाही, म्हणून त्याच्या आईने, सुरेखाने, मृत्यूचा दाखला कधी काढू दिला नव्हता.

“कारखानाच बंद करू,” बाबगोंडा म्हणाले.

“आणि कामाची माणसं कुठं जातील? दाखला काढू या.”

नगरपालिकेत कारकुनाने मयताचं नाव विचारलं. सुरेखानेच सावकाश पूर्ण नाव सांगितलं.

“वय?”

ती गोंधळली.

“वाहून गेला तेव्हाचं सांगू, की आत्ताचं?”