पाट्यावरचं वाटण

वादळ येऊन गेलं त्याला आज अकरा दिवस झाले. घरात अजून लाईट नाही आणि वाटण वाटून माझ्या तळव्यांना फोड आलेत. मिक्सर बंद. अंगणात आडव्या झालेल्या माडांचे नारळ संपता संपत नाहीत. त्यामुळे रोज ओलं खोबरं, रोज पाटा-वरवंटा आणि रोज सासऱ्यांचं तेच पालुपद, "पाट्यावरचं ते पाट्यावरचं गो! मिक्सरच्या वाटणाला चव कसली? लाईट आली तरी आता पाट्यावरच वाटत जा."

"मग एकदा तुम्हीच बसा की वाटायला," काल मी म्हटलं. लगेच त्यांची कंबर धरली.

आज ते देवळात गेले असताना फ्रिज घरघरला. लाईट आली! मी दोन मिनिटांत वाटण मिक्सरमधून काढलं, सगळी बटणं बंद केली आणि पाटा नुसताच ओला करून ठेवला.

जेवताना त्यांनी काळ्या वाटाण्यांची आमटी भुरकली, बोटं चाटली. "बघितलंस गो? मिक्सरला येईल का ही चव?"

मी उठले आणि त्यांच्या डोक्यावरचा पंखा लावला.