ओले कोपरे

संसदेचा इतिहास लिहायला घेतलेल्या अमरनाथला थुंकीची भारी किळस. कुणी अंगठा जिभेला लावून पान उलटलं, की तो तोंड फिरवायचा. म्हणून तो पोस्टातल्यासारखी ओल्या स्पंजाची डबी कायम सोबत ठेवी.

त्र्याण्णव सालच्या एका दुपारी तो केजला, एका दिवंगत खासदाराच्या घरी, त्यांच्या पेटीतले लोकसभेतल्या चर्चेचे जुने खंड घेऊन बसला होता. पाच वर्षांत या माणसानं सभागृहात एकच भाषण केलं होतं. तेवढं सापडलं की अमरनाथचं शेवटचं प्रकरण पुरं होणार होतं.

पानांचे कोपरे तांबूस डागांनी बरबटलेले होते.

"मामंजी थुंकी लावूनच वाचायचे," खासदारांची सून शांतादेवी चहा ठेवत म्हणाली. "लई वंगाळ सवय. ते जाऊन अकरा वर्सं झाली सर, तवापासून ही पेटी कुणी उघडली न्हाई."

ती आत गेली. अमरनाथनं नाक मुरडून डबीत अंगठा दाबला आणि पान उलटलं. पुढचा कोपरा ओला होता. त्याच्या पुढचाही. तंबाखूचा आंबूस वास सुटला. त्यानं अंगठा रुमालाला खसाखसा पुसला. उठून जावंसं वाटलं, पण भाषण आता दोनच पानं पुढे होतं.

नजर ओळीवरून न हलवता त्यानं पुन्हा डबीत अंगठा दाबला.

स्पंज कोमट लागला, बुळबुळीत. मग त्या स्पंजानंच त्याचा अंगठा सावकाश चाटला.