बादलीतला श्वास

बाबा सिनेमांसाठी आवाज बनवायचे. त्या गाजलेल्या अंतराळपटात हेल्मेटमधून नायकाचा श्वास ऐकू येतो ना, तो बाबांचा. पत्र्याच्या बादलीत डोकं घालून घेतलेला. नंतरचे तिन्ही भाग आपटले, बाबाही गेले, बादली गळायला लागली, पण आई ती मोडीत घालू देईना. तोच सिनेमा यंदा नव्याने निघाला. नायक नवा, यान नवं. साउंडवाली पोरगी तिकिटं द्यायला घरी आली. "काकू, श्वास तेवढा काकांचाच ठेवलाय. कॉम्प्युटरवर तसा जमेचना." थिएटरात अंधार झाला, श्वास सुरू झाला आणि आईने माझा हात धरून डोळे मिटले, ते मध्यंतरातही उघडले नाहीत. संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. "मेलेला सिनेमा जिवंत केला राव!" मागून कुणीतरी ओरडलं. आईने डोळे पुसले, हळूच विचारलं, "अगं, शेवटी तो वाचतो ना?"