पूर्वपक्ष

“ही पेटी उचल,” मामा सुताराला म्हणाले, आणि भाची त्या काचेच्या पेटीला पाठ लावून उभी राहिली.

मामा संग्रहालयाचे अध्यक्ष, भाची इथली क्युरेटर. प्राचीन भारतातल्या श्रद्धांचं हे दालन तिनं मांडलं होतं आणि संध्याकाळी त्याचं उद्घाटन होतं. घरी मामांच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. आज तिच्या अंगात काय संचारलं होतं, देव जाणे.

दालनात मातीच्या ठेंगण्या देवी होत्या, यज्ञवेदीच्या विटा होत्या, फणा काढलेला दगडी नाग होता, झाडाखालचं कोरीव आसन होतं, उभ्यानं तप करणारा दिगंबर मुनी होता. एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं, तरी सगळे खेटून बसले होते, एकाच बाकावर जागा मिळालेल्या भावकीसारखे. शेवटची पेटी तेवढी रिकामी. आत नुसता दिवा आणि खाली पाटी.

“आत काही नाही,” मामा म्हणाले. “लोक म्हणतील, उद्घाटनाआधीच चोरी झाली.”

सुतार हसला. मामांनी वळून पाहिलं, तसं त्यानं हसू गिळलं.

“देव, परलोक, पुनर्जन्म, काहीच न मानणाऱ्यांची जागा आहे ती, मामा. असेही लोक होते. मांडायला त्यांचं काही हाती लागत नाही, म्हणून रिकामी.”

“मग श्रद्धेच्या दालनात त्यांचं काय काम?”

“बाकीच्यांचं त्यांच्याशीच तर भांडण चालायचं. भांडणातली एक बाजूच गायब केली, तर उरलेले काय भिंतीशी बोलत होते?”

“तोंड फार चालतंय तुझं.” मामांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. “अगं, माझ्या आईच्या नावाचं दालन आहे हे. तुझ्या आजीच्या. देवाचं नाव घेतल्याशिवाय तिनं कधी पाण्याचा घोट घेतला नाही. तिच्या नावाच्या पाटीखाली हे?”

आजी भाचीचीही होती, आणि लाडकी होती. पण ती जागची हलली नाही.

“पेटी राहिली तर उद्यापासून तू इथं नाहीस,” मामा म्हणाले. “मामा म्हणून नाही, अध्यक्ष म्हणून सांगतोय.”

“चालेल. पण काढायची तर रीतीनं काढा.”

“कसली रीत?”

“या सगळ्यांची.” तिनं हात फिरवून अख्खं दालन दाखवलं. “वादाला बसलं की आधी समोरच्याची बाजू आपण मांडायची. पूर्वपक्ष. तोही असा, की त्यानं मान डोलावली पाहिजे. खोडायचं ते नंतर. माझी बाजू मांडा आणि खुशाल न्या पेटी.”

मामा इरेला पेटले. वादातून काढता पाय घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. भाचीच्या तरी कुठं होतं!

“तुझं म्हणणं, देवबिव सगळं झूट.”

“मी असं म्हटलेलं नाही. पुन्हा.”

“तुझं म्हणणं, म्हाताऱ्या मामाची चारचौघांत शोभा करावी.”

सुताराला खोकला आला.

“पुन्हा,” भाची म्हणाली.

मामांनी चष्मा चढवला आणि सकाळपासून पहिल्यांदाच वाकून ती पाटी वाचली. ‘यांचे ग्रंथ जवळजवळ उरलेच नाहीत. यांचं म्हणणं आपल्याला कळतं, ते बहुतेक यांना खोडून काढणाऱ्यांच्या ग्रंथांतून.’

वाचून झालं तरी ते वाकलेलेच राहिले. मग सरळ होऊन, वर्गात उभं केलेल्या मुलासारखे, एकेक शब्द जुळवत बोलू लागले.

“तुझं म्हणणं... ज्यांना हे लोक डोळ्यांसमोर नको होते, त्यांनीच यांचं बोलणं आपल्या पोथीत लिहून ठेवलं. आधी लिहिलं, मग खोडलं. लिहिलं नसतं, तर यांचं म्हणणं काय होतं, हे कुणाला कळलंही नसतं. आणि आज ही पेटी मी उचलली, तर यांच्या वैऱ्यांनीही जे केलं नाही, ते मी, माझ्या आईच्या नावाखाली...”

मामांनी चष्मा काढला.

भाचीनं मान डोलावली आणि ती पेटीसमोरून बाजूला झाली.

“आता खोडा, मामा.”